तेरावं नाव

मी एसटीत कंडक्टर आहे. सकाळची मुरगूड-कोल्हापूर गाडी आणि संध्याकाळी तीच परत, ही माझी बऱ्याच वर्षांची ड्यूटी. गाडीला रोजचे तीस-पस्तीस प्रवासी ठरलेले. कॉलेजची पोरं, कापडदुकानात कामाला जाणाऱ्या बायका, दोन मास्तर. ड्रायव्हर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कागलकडचे. सगळी गाडी त्यांना चाचा म्हणते.

मुरगूड सोडल्यावर तिसऱ्या थांब्यावर एक मुलगी चढायची. उंच, काटक, पाठीवर भली मोठी सॅक आणि सॅकला बाहेरून बांधलेले चिखलाचे बूट. पहिल्याच दिवशी मी तिला म्हणाले, "ती बुटं आत घाल बाई, सीटा खराब हुत्यात."

"आक्का, रग्बीची हायत," ती म्हणाली. "आत घातली तर डब्याला वास येतोय."

रग्बी म्हणजे काय हे गाडीत कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या माणसाला कुस्ती कळते आणि फुटबॉल कळतो. चाचांनी मोबाईलवर एक मॅच बघितली आणि म्हणाले, "ह्या दोन्हींचं भांडण लागलंय की गं!" मग त्या मुलीनं आम्हाला शिकवलं. चेंडू पुढं फेकायचा नाही, मागंच द्यायचा आणि आपण मात्र पुढं पळायचं. एका मास्तरांच्या डब्याची पिशवी चेंडू व्हायची आणि ती शेवटच्या सीटपर्यंत फिरून यायची. वर्षभरात सगळी गाडी तिची झाली. गाडी किती उशिरा येणार हे सांगायला आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर गाडीपेक्षा तिच्या मॅचचंच बोलणं जास्त व्हायला लागलं. भारताच्या मुलींच्या संघासाठी शिबिराला तिची निवड झाली तेव्हा चाचांनी स्टँडवर साऱ्यांना पेढे वाटले.

शिबिरातून ती परत आली. बारा जणींची शेवटची यादी लागायची होती. त्या रविवारी कोल्हापुरात तिची एक मॅच होती. माझी सुट्टी होती, मी आणि चाचा बघायला गेलो. दुसऱ्या डावात समोरच्या दोघींनी तिला एकदमच धरलं आणि ती डोक्यावर आपटली. थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठली, डोळे चोळले, पंचांना हातानं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि शेवटी एकटी पळत जाऊन गुणसुद्धा केले. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो.

सोमवारी संध्याकाळी ती गाडीत डोळ्यांवर ओढणी घेऊन बसली होती. बिद्रीच्या आसपास तिला उलटी झाली. मी तिला लिंबू हुंगायला दिलं. गाडी लागली असंल, असं मला वाटलं. वर्षभर कधी लागली नव्हती, हे मनात आलं नाही.

मंगळवारी दुपारी यादी लागली. बारांत ती नव्हती. खाली वेगळी ओळ होती, राखीव खेळाडू म्हणून. त्यात तिचं एकटीचं नाव, तेरावं. हा शब्दच कानाला बरा लागत नाही. ग्रुप पेटला. निवडलेल्यांतल्या दोघींपेक्षा ही जास्त पळते, हे शिबिरातल्या मुलींनीच तिला सांगितलं होतं म्हणे. "वशिला न्हाई म्हणून," एकानं लिहिलं. "ह्या कोपऱ्यातलं माणूस कुणाला वर जाऊ द्यायचं न्हाई," दुसऱ्यानं. मी स्टँडवर गाडीत बसले होते, सुटायला वेळ होता. रागानं कानशिलं तापली होती. मी मोबाईल तोंडाशी धरला आणि ग्रुपवर बोलत सुटले.

"निवड करणाऱ्यांनो, डोळं हायत का न्हाईत तुमाला? रविवारी डोक्यावर आपाटली पोरगी. डोळ्यापुढं अंधारी आली, तरी उठून पळाली की! हाय का तुमच्या बारांत एक तरी अशी? लाज वाटू द्या जरा!"

बुधवारी सकाळपर्यंत ते बोलणं ग्रुपच्या बाहेर कुठल्याकुठं पोचलं होतं. उचगावचा एक अनोळखी माणूस गाडीत चढला आणि तिकीट घेताना म्हणाला, "त्या रग्बीच्या बाई तुमीच न्हवं? लै भारी!" मी हसले. मग ध्यानात आलं. एवढं लांब गेलंय म्हणजे निवड करणाऱ्यांनीही ऐकलं असणार. माझ्या तोंडापायी ते तिचं नाव कायमचं बाजूला टाकतील, असं वाटून दिवसभर मशीनवर चुकीचे टप्पे दाबत राहिले.

गुरुवारी दुपारी स्टँडवर फोन आला. एक बाई होती, शांत आवाजाची. ती त्या संघाची डॉक्टर होती. त्या मुलीच्या कोचकडून तिनं माझा नंबर घेतला होता.

"आमच्या एका खेळाडूचा पाय दुखावलाय," ती म्हणाली. "तिच्या जागी तुमच्या मुलीला बोलवायचं ठरतंय. पण तुमचं ते रेकॉर्डिंग मी ऐकलं. तिच्या डोक्याला खरंच लागलं होतं का? ती नाही म्हणते."

एका क्षणात मला सगळं दिसलं. तिची निवड माझ्या जिभेच्या टोकावर होती.

"न्हाई हो," मी म्हणाले. "रागाच्या भरात वाढवून बोलून गेले मी."

"नक्की ना? कारण डोक्याचा पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर मुलगी जिवाला मुकू शकते. म्हणून विचारलं." तिनं आभार मानले आणि फोन ठेवला.

मी तिथंच पायरीवर बसले. ती ओढणी, ती उलटी, ते लिंबू. सगळं एकापाठोपाठ एक समोर येऊ लागलं.

संध्याकाळी ती गाडीत चढली तेव्हा सगळ्यांना बातमी कळली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चाचांनी लांबलचक हॉर्न दिला. "उद्या सकाळी पुण्याला जातो आक्का," ती म्हणाली, "तिथनं टीमसंगं." मी तिला तिकीट दिलं. मागच्या सीटपर्यंत जाऊन परत आले, तर ती पैसे पुढं करून म्हणाली, "आक्का, माझं तिकीट ऱ्हायलं."

तिकीट तिच्या दुसऱ्या हातात होतं.

मी पैसे परत तिच्या मुठीत दिले. तिच्या शेजारचा दांडा धरून उभी राहिले. तिचा थांबा आला. उतरताना तिचा पाय पायरीवर पडलाच नाही, मी दंड धरला म्हणून ती वाचली. खाली तिचे वडील मोटरसायकल घेऊन उभे होते, तोंडभर हसत.

"डोस्कं दुकतंय न्हवं अजून?" मी तिच्या कानाशी विचारलं.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "कुणाला बोलू नगा आक्का. एवढी एक बारी जाऊन येतो. परत कोण बोलवणार हाय मला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "चला की ओ!" मी डबल घंटी मारली. गाडी हलली. मुरगूडपर्यंतचे तीन थांबे मी कसे काढले ते मला आठवत नाही. सारखं एकच डोळ्यांपुढं येत होतं, हिरवं मैदान आणि त्यावर न उठणारी पोरगी.

मुरगूडला प्रवासी उतरल्यावर मी चाचांना सगळं सांगितलं. डॉक्टरला खोटं बोलल्याचंही.

चाचांनी इंजिन बंद केलं. "खरं सांगितलंस तर समदी गाडी तुझ्यावर उठंल बघ," ते म्हणाले.

"उठू दे. पोरगी उठली पायजे."

तिथंच फोन लावला. मी डॉक्टरबाईंना रविवारपासूनचं सगळं सांगितलं, दोनदा मागितलेल्या तिकिटासकट. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं फोन केलात."

दुसऱ्या दिवशी तिला पुण्याला जाऊ दिलं नाही. कोल्हापुरात तपासलं. मेंदूला मार बसला होता. खेळ बंद, मोबाईल बंद, उजेडसुद्धा नको. तिच्या जागी दुसरीच कुणीतरी गेली. ग्रुपवर एकानं लिहिलं, 'आपल्याच कंडक्टरनं थांबायची घंटी मारली.' एका मास्तरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मुरगूडच्या बाजारात तिचे वडील समोर आले आणि मान वळवून गेले. ते सगळं मी सोसलं. सोसत नव्हती ती रिकामी सीट. तिच्या थांब्यावर गाडी थांबली की मी आधी दारातून खाली बघायची. आज कुणीतरी चढंल आणि वाईट काही सांगंल, असं रोज वाटायचं.

तीन आठवड्यांनी तिथं तिची आई चढली. माझ्याजवळच्या सीटवर बसली.

"अंधाऱ्या खोलीत हाय," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात मला म्हणाली, तुमी कोण? माज्या पोटची पोरगी! दोन-चार मिनिटांनी आलं ध्यानात तिच्या. पर त्या दोन-चार मिनिटांत माझं काय झालं ते मला ठावं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तिच्या बाला अजून कळंना झालंय. मला कळलंय."

मुलगी हळूहळू बरी झाली. तीन-साडेतीन महिन्यांनी एका सकाळी बूट बांधलेली सॅक घेऊन गाडीत चढली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माझा राग अजून गेला न्हाई, आक्का."

"असू दे राग," मी म्हणाले.

"रविवारी मॅच हाय. डॉक्टरनी सोडलंय मला. येणार असला तर या."

पहिल्या बारांत ती का नव्हती, हे मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही. चाचा अजून त्यावर शिव्या देतात आणि मला त्यांना चूक म्हणता येत नाही. आता पुढच्या यादीची वाट आहे. ग्रुपवर अंदाज बांधणं परत सुरू झालंय. मी त्यात काही लिहीत नाही.

त्या रविवारी मी गेले. चाचा बरोबर होते. शिट्टी झाली आणि पाचव्या मिनिटाला चेंडू तिच्याकडं आला. समोरून दोघी तिच्या अंगावर धावल्या. मी डोळे गच्च मिटले.

"पडली," चाचा म्हणाले. "थांब. हलतीय. उठतीय बघ."

मी डोळे उघडले तेव्हा ती पळत होती. माझ्या डावीकडं चार हातांवर एक माणूस मैदानाकडं पाठ करून, खाली मान घालून उभा होता. तिचे वडील होते.

"उठली का?" त्यांनी मान न उचलता विचारलं.

"उठली," मी म्हणाले.

ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं सरकत माझ्या शेजारी आले, पण मॅच संपेपर्यंत मैदानाकडं वळले नाहीत. दर वेळी ती पडली की ते विचारायचे आणि मी सांगायची.