सील केलेलं भुलीचं औषध

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, बाकीचं नंतर आठवतं.

तेव्हा मी जामखेडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. कोरडा मुलूख. दिवाळी झाली की निम्मी गावं ऊसतोडीला जायची आणि ठाण्यात बांधाची भांडणं नि मोटारसायकलींच्या चोऱ्या एवढंच काम उरायचं. माझ्याच तुकडीतला एकजण शिर्डीला होता. मंत्री आला की याचा फोटो पेपरात, नट आला की याचा फोटो पेपरात. प्रशिक्षणात हा माझ्या वह्या वाचून पास झालेला! उघडच सांगतो, माझ्या पोटात दुखायचं. सकाळी पेपर आला की मी आधी शिर्डीची बातमी शोधायचो आणि मग दिवसभर शिपायांवर खेकसत बसायचो.

अशात टपालाने एक निनावी अर्ज आला. गावातल्या एका खासगी रुग्णालयात अपघातात जखमी झालेला शेतकरी ऑपरेशनच्या टेबलावर दगावला होता. अर्जात लिहिलं होतं, ‘अशा पेशंटला भुलीसाठी प्रोपोफॉलच द्यायला हवं होतं. तिथल्या नव्या भूलतज्ज्ञ बाईंनी केटामाइन हे नशेचं औषध देऊन त्याला मारलं. त्याचा साठाही तिथे आहे.’

केटामाइन हे नाव मला माहीत होतं ते पार्ट्यांवरच्या छाप्यांमुळे. पोलिसाला औषध आधी गुन्ह्यातून कळतं, दवाखान्यातून नंतर. माझे डोळे चमकले.

आमचे हवालदार जुने, मुरलेले. ते म्हणाले, “सायेब, दवाखान्याला तसलं औषध ठिवायची परवानगी असती. आधी सिव्हिल सर्जनचा अभिप्राय मागवू. डॉक्टरचं परकरन हाय, हात पोळंल.”

“तुम्ही तुमची डायरी लिहा,” मी म्हणालो. मग दोन पंच घेतले आणि दोन वार्ताहरांना स्वतः फोन केला.

सकाळी अकराला आम्ही रुग्णालयात पोचलो. कपाटात केटामाइनच्या छोट्या बाटल्या होत्या. रजिस्टरही होतं आणि त्यातली नोंद शेवटच्या बाटलीपर्यंत जुळत होती. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण पंचनामा केला, बाटल्या खोक्यात घातल्या, वर कापड शिवून लाखेचं सील ठोकलं आणि खोकं हातात धरून फोटोला उभा राहिलो.

मग सर्जनच्या केबिनमध्ये बाईंचा जबाब घ्यायला बसलो. वय तिशीच्या आसपास, राहात्याकडच्या शेतकरी घरातल्या. आवाज अजिबात न चढवता बोलायच्या, याचाही मला राग आला.

“चांगलं औषध असताना हे का दिलंत?”

“साहेब, सगळ्यांना चांगलं असं एकच औषध नसतं. प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं असतं. पेशंट पटकन झोपतो, जागाही छान होतो, उलट्या कमी होतात. पण ते रक्तदाब पाडतं. ज्याच्या अंगातलं रक्त आधीच वाहून गेलंय, त्याचं हृदय त्याने थांबू शकतं. केटामाइन दाब बऱ्यापैकी टिकवून धरतं. त्याचेही तोटे आहेत. जागं होताना माणूस बडबडतो, भलतंसलतं दिसून घाबरतो. ज्याचा दाब मुळातच जास्त आहे, त्याला मी ते टाळते. तो शेतकरी आला तेव्हा मनगटाला नाडी लागत नव्हती. मी नंतरची बडबड पत्करली.”

“तरी मेलाच ना तो?”

“हो,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. जीपमधून एका तरुण बाईला आणलं होतं. अंगावर रक्ताचा थेंब नाही, पण चेहरा पांढराफटक. सासू रडत होती, “पोटात दुकतंय म्हनली अन् घेरीच आली हो! लई येळ न्हाई झाला!”

गर्भ नळीत वाढून नळी फुटली होती आणि पोट आतून रक्ताने भरलं होतं. ताबडतोब ऑपरेशन हवं होतं. सर्जन माझ्या वर्दीला बिचकले. भूलतज्ज्ञ बाईंना पेशंटला हात लावू न देता त्यांनी गावातल्या दुसऱ्या, वयस्कर भूलतज्ज्ञांना बोलावलं. ते दहा मिनिटांत धावत आले. मॉनिटरकडे एकदा पाहिलं आणि मागे न वळता सिस्टरला म्हणाले, “केटामाइन भरा. डोस कमी. चला, लवकर!”

सिस्टरने दाराकडे पाहिलं. दारात मी उभा होतो आणि खोकं माझ्या काखेत होतं.

“प्रोपोफॉल आहे की,” मी म्हणालो.

“हिला? जीव घ्यायचाय का?” ते ओरडले. मग त्यांची नजर लाखेवर गेली आणि चेहरा उतरला. गावात भूलतज्ज्ञ दोनच. त्यांतल्या एक, या बाई, केबिनमध्ये बसल्या होत्या; आणि कुठल्या पेशंटला कुठली भूल, हे अर्जात लिहिणारा भूलतज्ज्ञच असणार. अर्ज कुणी लिहिला, हे मला त्या क्षणी कळलं.

पण ते नंतरचं. मुद्देमालाचं सील कोर्टाच्या परवानगीशिवाय तोडायचं नसतं. मी नोकरीचा विचार करत राहिलो, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी सासूने माझे पाय धरले, “सायेब, लेकरागत हाय वो ती मला!” तेव्हा मी लाख अंगठ्याने फोडली. बाईंनाही आत पाठवलं. दोघांनी मिळून भूल दिली. ती सून वाचली.

दुसऱ्या दिवशी मी वयस्कर डॉक्टरांना ठाण्यात बोलावलं. चहा दिला, अर्ज समोर ठेवला आणि गप्प बसलो. माणसाला शांतता सोसत नाही, हा माझा अनुभव. चहावर साय धरली तेव्हा ते बोलले, “वीस वर्षं या गावात मी एकटा होतो. आता ती रजेवर असली तरच मला फोन येतो. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने ओरडणार? त्यांच्याहून मी काही वेगळा नव्हतो. टेबलावर त्या दिवशीचा पेपर होता: ‘महिला डॉक्टरकडे नशेच्या औषधाचा साठा’. खाली माझा फोटो. दुपारी शिर्डीहून माझ्या त्या तुकडीतल्या सोबत्याचा फोन आला, अगदी मनापासून म्हणाला, “अभिनंदन, गड्या!”

पुढे वैद्यकीय मंडळाने बाईंना निर्दोष ठरवलं. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. वयस्कर डॉक्टरांवर खोट्या अर्जाबद्दल कारवाई झाली, सील फोडल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. बाई मात्र महिन्याभरात गाव सोडून राहात्याला निघाल्या. पेशंट त्यांना विचारायला लागले होते, “तुमीच का त्या, नशेच्या?”

सामान टेम्पोत चढत असताना मी माफी मागायला गेलो. म्हणालो, अर्ज वाईट बुद्धीने लिहिलेला होता.

“त्या अर्जाचं मला काही वाटलं नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “तो बिननावाचा होता. तुम्ही नाव-हुद्द्यासकट आलात.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठलाही निनावी अर्ज हातात आला की तो कुणी लिहिला असेल, हा प्रश्न मी दुसरा विचारायचो. पहिला प्रश्न स्वतःला असायचा: हे खरं निघावं असं तुला का वाटतंय?