मामांची म्हातारी

माझ्या बायकोचे मामा ज्या वस्तूला हात लावत ती दुरुस्त होई, हे सगळं नागपूर मान्य करील. फक्त हात लावण्याआधी ती बिघडलेली असेच असं नाही. आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी आमच्याकडच्या पहिल्याच भेटीत खाली उतरवलं आणि चहा येईपर्यंत त्याची चाकं वर्तमानपत्रावर मांडली. ‘चांगलं चालत होतं, मामाजी,’ मी जावयाला शोभेल अशा हळू आवाजात म्हणालो. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘चांगलं चाललं तं काहून चाललं, हे पाहाले नको का जवाईबापू?’ चाकं घरंगळू नयेत म्हणून मी वर्तमानपत्राचे कोपरे धरून बसलो. 

पण घड्याळं, स्टोव्ह, शिलाईची मशीन ही सगळी वरवरची प्रेमं. जीव खरा जडला होता तो एका ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते धूड नव्हे. हा बागेतला ट्रॅक्टर, म्हशीच्या वगारीएवढा, एका सिलिंडरचा, दोरी गुंडाळून ओढली की सुरू होणारा. सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबानं तो बंगल्याच्या आवारासाठी आणवला होता आणि देश सोडताना तिथेच टाकला होता. मामांनी तो बैलगाडीला बांधून प्रताप नगरला आणला. त्या काळी प्रताप नगर म्हणजे घरं कमी आणि बाभळी जास्त. मामांच्या घरामागे संत्र्याची बाग होती आणि झाडांच्या दोन ओळींमधून हा ट्रॅक्टर नेमका जात असे. तो बनवणारी विलायतेतली कंपनी केव्हाच बुडाली होती. सुटा भाग मिळायची आशा नव्हती. मामांना याचाच फार आनंद होता. ते त्याला लाडानं ‘म्हातारी’ म्हणत.

या नावानं एकदा अनर्थ होता होता राहिला. पुण्याकडचे एक प्राध्यापक शेजारी नवे राहायला आले आणि ओळख करून घ्यायला म्हणून मामांकडे गेले. मामा पायरीवर कपाळाला हात लावून बसलेले. प्राध्यापकांनी चौकशी केली तेव्हा म्हणाले, ‘काय सांगू भाऊ, म्हातारी सकायपासून उठूनच नाही राहिली. दोरी बांधून ओढली, दोन लाथा घातल्या, राकेल पाजलं. नुसता धूर सोडते.’ प्राध्यापक उभ्याउभ्याच पांढरे पडले. तेवढ्यात आतून मामी चहा घेऊन आल्या, तेव्हा ते मामींकडे असे काही पाहू लागले की मामींनी पदर सावरून विचारलं, ‘काय जी, काय झालं?’ खुलासा झाल्यावर मामी म्हणाल्या, ‘मले म्हणतात का तिले म्हणतात, मलेच समजत नाही, तं तुमाले काय समजन!’

मामींची तक्रार खरीच होती. घरातली कुठलीही वस्तू केव्हा म्हातारीच्या सेवेत रुजू होईल याचा नेम नसे. राकेल गाळायला चहाची गाळणी जाई आणि त्यानंतर आठवडाभर पाहुणे एकेका घोटानंतर कपात डोकावून पाहत. इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं की लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून नवं कापलं जाई. पावसाळ्यात ठिणगी देणारा मॅग्नेटो सर्दला की तो फडक्यात गुंडाळून शेगडीजवळ शेकायला ठेवत, आणि प्लग तर थेट निखाऱ्यावर. ‘त्या शेगडीवर माही भाकर हाय,’ मामी ओरडत. ‘असू दे ना वं, दोघीबी गरम होऊ दे,’ मामा म्हणत.

मात्र निदान करावं ते मामांनीच. जन्मभर तारखात्यात टकटक ऐकून अक्षरं उतरवलेला कान तो. लाटण्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून मामा डोळे मिटत आणि आत काय चाललंय ते एखादी तार वाचून दाखवावी तसं सांगत. आम्हाला नुसता फटफट आवाज येई, त्यांना बोलणं ऐकू येई. ‘इंजिन कसं मेलं ते पाहा,’ ते मला समजावत. ‘ठिणगी गेली तं एकदम मरते, बोलता बोलता. अन् तेल कमी पडलं तं दम लागून मरते, माणसासारखी.’ मी मान डोलवत असे. मामी तेव्हा लाटणं नसल्यामुळे काचेच्या बाटलीनं पोळ्या लाटत असत.

इतकी वर्षं इंजिनाला कान लावल्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मामांना ऐकू येईनासं झालं. आधी ते आम्हालाच ‘कायले कुजबुजून राहिले?’ म्हणून रागावत. मग रागावणं थांबलं. एका रविवारी आम्ही गेलो तर म्हातारीवर ताडपत्री घातलेली होती आणि मामा तिच्या शेडकडे पाठ करून बसले होते. मी जोरात विचारलं, तर म्हणाले, ‘ती बोलन अन् मले आयकू येनार नाही. उगाच कायले तिची फजिती?’ त्यांनी आमच्या घड्याळाकडेही पाहणं सोडलं. ते बंद पडलं तेव्हा आम्ही दोघं ते मोठ्या आशेनं घेऊन गेलो. त्यांनी ते न उघडताच परत दिलं. बायको घरी येईपर्यंत रिक्षात रडत होती.

आणि मे महिन्यात विहिरीवरची मोटर जळाली. नागपूरचा मे. मोटर दुरुस्तीवाल्यानं आठवड्याचा वायदा दिला. बागेत आंबिया बहाराची, म्हणजे थंडीअखेरच्या फुलोऱ्याची, फळं लिंबाएवढी झालेली. पाणी तुटलं की ती पटापट गळणार. दोन दिवसांत झाडांची पानं मिटू लागली, तिसऱ्या दिवशी सकाळी बुंध्याशी हिरवी फळं पडलेली दिसली. मामी ती ओच्यात गोळा करून आल्या आणि मामांच्या पुढ्यात ओतली. मग स्वतः जाऊन त्यांनी ताडपत्री ओढली.

म्हातारीच्या बाजूला पट्टा चढवायचं चाक होतं. त्यावर पट्टा टाकून जुना पंप चालवता येई. मी आणि मामांनी तो जोडला. दोरी ओढली. बऱ्याच ओढीनंतर म्हातारी फटफटली, पाइपातून थोडं पाणी आलं, आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. मामा माझ्याकडे पाहत होते. ‘कशी मेली?’ त्यांनी विचारलं. मी गोंधळलो. मेली ती मेली, एवढंच मला कळलं होतं.

‘एकदम नाही मेली,’ मामी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या. ‘आधी दम लागला. मंग दोन उचक्या देल्या. मंग मेली.’

मामा त्यांच्याकडे वळले. ‘तुले कसं समजलं वं?’

‘इतके वर्स सैपाकघरातून काय भजन आयकून राहिली होती का मी?’

मामांनी उठून राकेलच्या टाकीचं झाकण काढलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. म्हातारी ताडपत्रीखाली पडून होती त्या काळात कुंभारमाशीनं ते मातीनं लिंपून टाकलं होतं. आत हवा जाईना, म्हणून तेल खाली उतरेना. मामांनी मामींच्या अंबाड्यातली पिन काढून भोक मोकळं केलं. दोरी ओढली. म्हातारी सुरू झाली आणि सुरूच राहिली. पाणी पाटातून पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं तेव्हा मामांचा एक हात इंजिनावर होता आणि डोळे मामींच्या तोंडाकडे.

‘आता?’

‘आता बरी बोलून राहिली.’

पुढची काही वर्षं असंच चाललं. मामा पाना चालवत आणि मामी उलट्या टोपल्यावर बसून भाजी निवडता निवडता आवाज सांगत: खोकते, कन्हते, जराशी खाकरली. वाद होत. ‘खोकते का खाकरते, नक्की सांग ना वं!’ ‘दोन्हीत काय फरक हाय जी?’ ‘फरक हाय!’ मग मामी खोकून दाखवत आणि खाकरूनही दाखवत, आणि कुंपणापलीकडून प्राध्यापक विचारत, ‘तब्येत बरी आहे ना?’

मामी गेल्या त्या वर्षी दिवाळीला मी मामांकडे गेलो. म्हातारीवर ताडपत्री नव्हती. टाकी भरलेली होती, प्लग चकचकीत होता, दोरीसुद्धा चाकाला गुंडाळून तयार होती. ‘सुरू करू या का, मामाजी?’ मी हातानं खूण करत विचारलं. त्यांनी दोरीची मूठ हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, आणि सोडून दिली.

‘राहू द्या जवाईबापू,’ ते म्हणाले. ‘कशी बोलून राहिली, थे मले कोन सांगन?’

मग आम्ही दोघं बागेत गेलो. संत्री तोडण्याजोगी झाली होती. मामांनी एक सोललं, अर्धं मला दिलं, आणि आम्ही झाडाखाली उभे राहून खाल्लं.