गोळी खलास

कटिंग टेबलवर दोन छोट्या बंदुका ठेवून अबू माजिद मला विचारत होते, "मास्टर, बोलो. जेब के लिए कौनसा?"

टेबलवर माझा खडू, टेप, कात्री आणि अर्धवट कापलेलं पांढरं कापड होतं. त्यांच्या मधोमध या दोघी. मी बंदूक इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. वसईत आमच्या घरी हत्यार म्हणून फार तर उंदराचा सापळा असायचा. तरी मी उत्तर दिलं, आणि छातीठोकपणे दिलं. त्या उत्तरामुळेच मी आज हे लिहायला जिवंत आहे.

मी विल्फ्रेड. मस्कतला हमरियातल्या एका गल्लीत शिलाईच्या दुकानात मास्टर आहे. मास्टर म्हणजे माप घेणारा आणि कापणारा. शिवायला मशीनवर सुधाकर बसतो, तो कुडाळचा. आम्ही दोघं दार्सैतहून एकाच टॅक्सीने येतो आणि दिवसभर एकमेकांची खेचतो. दुकान अर्बाबचं, म्हणजे आमच्या ओमानी मालकाचं. तो अल् खुवैरला त्याच्या दुसऱ्या ऑफिसात असतो आणि दुकानाचा कारभार फोनवर चालवतो.

अबू माजिद त्याच्याच ओळखीचे. साठीचे, भारदस्त, सोन्याचे व्यापारी. गाडीतून माल नेताना जवळ छोटं हत्यार ठेवण्याचा परवाना त्यांच्याकडे होता. ते दुकानात आले आणि हवं काय ते सांगितलं, तशी मी लगेच अर्बाबला फोन लावला.

"सर, धिस मॅन वॉण्ट्स पॉकेट फॉर गन."

"आय नो हिम. पेपर आय सॉ. नो प्रॉब्लेम."

"बट सर, गन..."

"विल्फ्रेड, पॉकेट इज पॉकेट. यल्ला."

यल्ला म्हणजे चल, आटप. फोन बंद. अर्बाबचं बोलणं असंच असतं, माझ्या शंका त्याच्या दारातच राहतात.

आता पॉकेट इज पॉकेट हे साफ चूक आहे. तुमच्या पॅंटचा खिसा कमरेला लटकतो. त्यात किल्ल्या टाका, पाकीट टाका, पट्टा सगळं पेलतो. इथले पुरुष घालतात ती दिशदाशा, घोट्यापर्यंतचा सरळ पांढरा झगा. त्याला कमरेला काही नाही. त्याचा खिसा बाजूच्या शिवणीत असतो आणि त्यातलं सगळं वजन खांद्यावर येतं. उजव्या खिशात जड वस्तू टाकली की गळा उजवीकडे ओढला जातो, घेर वाकडा पडतो आणि चालताना ती वस्तू मांडीवर आपटत राहते. वर पातळ पांढरं कापड, म्हणजे आत काय आहे ते शेजारच्या पोरालाही दिसणार. ओमानी माणूस समारंभाला कमरेवर खंजीर लावतो तो सगळ्यांना दिसावा म्हणून. अबू माजिदना हे नेमकं कुणालाच दिसायला नको होतं.

खिसा हा माझा हट्टाचा विषय आहे. गिऱ्हाईक रिकाम्या खिशाने ट्रायल देतं, कपडा झकास बसतो, आणि दुसऱ्या दिवशी खिशात ढीगभर सामान कोंबून तक्रार घेऊन येतं. म्हणून माझा नियम आहे: जे घेऊन फिरणार, ते घेऊनच ट्रायलला या. पहिल्या भेटीत मी अबू माजिदनाही बजावलं होतं; मोठ्या गिऱ्हाइकालाही आम्ही अर्बाबच म्हणतो.

"अर्बाब, जैसा रोज पहनेगा, बिलकुल वैसा लाना. पूरा वजन. हलका नहीं चलेगा."

"पूरा वजन. तमाम," ते म्हणाले होते, म्हणजे ठीक.

आणि ते शब्दाला जागले. ट्रायलला दोन बंदुका आणल्या होत्या, दोन्हींचा त्यांच्याकडे परवाना. एक रिव्हॉल्व्हर, आखूड नळीचं. त्यात गोळ्या एका गोल फिरणाऱ्या डब्यात बसतात, त्यामुळे मध्ये पोट सुटलेलं. दुसरं पिस्तूल. चपटं, जरा जड, बाजूला एक लहानशी खिटी. खिटी वर केली की लॉक, एवढं त्यांनीच मला दाखवलं.

त्यांचा जीव रिव्हॉल्व्हरवर होता.

"ये अच्छा. सिंपल. निकालो, दबाओ, बस. लॉक-वॉक कुछ नहीं."

"अर्बाब, इसका पेट देखो."

"पेट?"

"मेरा जैसा. जेब में छुपेगा नहीं."

सुधाकर मशीनवर खदाखदा हसला. अबू माजिद हसले नाहीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर तळहातावर घेऊन लाडक्या मांजरासारखं कुरवाळलं. पण मी कापड त्यावर टाकून दाखवलं. मधला फुगवटा लांबूनही दिसत होता. मग पिस्तुलावर टाकलं. कापड सपाट पडलं, एखादं जाडसं पाकीट असावं तसं.

"ये भारी है," ते म्हणाले.

"वजन का मैं देखता हूँ. अंदर से पट्टी देगा, कंधे तक. पेट का मैं कुछ नहीं कर सकता."

ते बराच वेळ कुरकुरले. मी ऐकलं नाही. मला बंदुकीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण वाकडी पडलेली दिशदाशा माझ्या दुकानातून बाहेर जाणार नव्हती. शेवटी त्यांनी रिव्हॉल्व्हर रुमालात गुंडाळून बाजूला ठेवलं.

मग मला सुचायला हवं होतं ते सुचलं. मी पिस्तुलाकडे बोट दाखवून विचारलं, "अर्बाब, गोली? गोली खलास?"

"खलास, खलास!" त्यांनी अंगठा वर केला.

माझा जीव भांड्यात पडला. सुधाकरनेही मान डोलावली. आम्हा दोघांच्या मराठीत डबा खलास म्हणजे डबा रिकामा, पेट्रोल खलास म्हणजे गाडी ढकला. गोळ्या खलास म्हणजे गोळ्या संपल्या. यात विचारण्यासारखं आणखी काय असतं?

मी खडूने पिस्तुलाभोवती रेघ मारली, जाड कॅनव्हासचं आतलं म्यान कापलं. अबू माजिदनी एकच गोष्ट ठासून सांगितली: बोट जिथे जातं तो चाप म्यानात पूर्ण झाकला पाहिजे. मी तसं केलं. दिशदाशा शिवून तयारच होती; सुधाकरने म्यान तिच्या खिशात बसवलं, आतून खांद्यापर्यंत पट्टी दिली आणि खिशाच्या दोन्ही टोकांना बारटॅक मारले. बारटॅक म्हणजे एकाच जागी दाट मारलेले टाके, खिसा तिथून उसवू नये म्हणून.

ट्रायलला अबू माजिद म्हणाले, "मैं पहनेगा तो मुझे पीछे से कैसे दिखेगा? इसको पहनाओ."

सुधाकरची चण त्यांच्यासारखीच. त्याने दिशदाशा चढवली आणि नवरदेवासारखा उभा राहिला. अबू माजिदनी खिटी वर केली, पिस्तूल स्वतः म्यानात सरकवलं आणि "हाथ नहीं लगाना" असं म्हणून मागे जाऊन बघायला लागले. सुधाकर चालला, बसला, उठला, वाकला. गळा सरळ. घेर सरळ. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी खुशीत होतो. इतक्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत फुटपाथवर गेले.

सुधाकरने आरशात पाहिलं. मग खिशात हात घातला, पिस्तूल बाहेर काढलं आणि माझ्या छातीवर रोखलं.

"मास्तर, हात वर करा!"

मी हसलो. खरंच हसलो. कात्री हातात तशीच ठेवून दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "घे बाबा, कटिंग टेबल तुझं."

"ठो!" तो म्हणाला. बोट आवळलं, पण पिस्तुलातून आवाज नाही. त्याने पिस्तुलाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे रोखलं आणि पुन्हा बोट आवळलं. "ह्यां दबणाच नाय, मास्तर. गंजलाहा वाटता."

"जोर लाव, भाकऱ्या खातोस ना?" हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने.

दारातून आवाज आला, "ला, ला, ला."

अरबीत ला म्हणजे नाही. अबू माजिद ओरडले नाहीत. तान्ह्या मुलाला जोजवावं इतक्या हळू आवाजात ते म्हणत होते आणि सावकाश चालत येत होते. त्यांचा गव्हाळ चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी सुधाकरचं मनगट धरलं, हात जमिनीकडे वळवला, एकेक बोट सोडवलं आणि पिस्तूल काढून घेतलं. मग पिस्तुलाच्या मुठीतून एक चपटी पेटी बाहेर ओढली. ती गोळ्यांनी भरलेली होती. वरचा भाग मागे खेचला तसा आणखी एक गोळी उडाली, टेबलवर पडली आणि घरंगळत माझ्या खडूपाशी येऊन थांबली.

मी त्या गोळीकडे पाहत राहिलो. माझे हात अजून वरच होते.

"आप बोला खलास!" मला माझाच आवाज ओळखू येईना. "गोली खलास, आप बोला!"

"हाँ! खलास!" त्यांचाही आवाज फाटला. "गोली डाला, खलास! तुम बोला पूरा वजन. मैं गोली डाला, पूरा. तुम पूछा गोली खलास, मैं बोला खलास. काम हो गया. रेडी!"

मी वर्षानुवर्षं हा शब्द रोज ऐकत आलोय. शिलाई झाली, खलास. कपडा तयार, खलास. इथे खलास म्हणजे झालं, आटपलं, काम फत्ते. मी विचारलं गोळ्या संपल्या का, त्यांनी ऐकलं गोळ्या भरून झाल्या का. आम्ही दोघंही खरं बोललो होतो. माझ्या तोंडातून फक्त "येशू" एवढंच बाहेर पडलं.

अबू माजिद स्टुलावर बसले. त्यांनी रुमाल उघडला, रिव्हॉल्व्हरचा गोल डबा बाजूला काढून मला दाखवला. सगळी घरं भरलेली होती.

"मास्टर," ते म्हणाले, "इसमें लॉक नहीं है."

एवढंच म्हणाले. बाकीचं मला आपोआप कळलं. निकालो, दबाओ, बस. सुधाकरने दोनदा दाबलं होतं, आणि मी त्याला जोर लावायला सांगितलं होतं. रिव्हॉल्व्हरचं पोट जरा कमी सुटलेलं असतं, तर सुधाकरच्या खिशात तेच असतं.

सुधाकर दिशदाशातच खाली जमिनीवर बसला होता. "माज्या हातान तुमी मेला असतात, मास्तर," तो म्हणाला, आणि कुडाळहून आला तेव्हापासून ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो रडायला लागला. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. आम्हाला पाणी अबू माजिदनी आणून दिलं. दुपारी दार्सैतला घरी जेवायला गेलो, तेव्हा माझी बायको फ्लोरी हे ऐकून नुसती माझ्या शर्टाची छातीवरची बटणं लावत-काढत बसली.

अर्बाबला मी फोनवर सगळं सांगितलं. त्याने पहिल्यांदाच मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाला, "नो मोर गन इन शॉप. फिनिश." त्याने खलास म्हटलं नाही, याची मी मनात नोंद घेतली.

काही दिवसांनी अबू माजिद पुन्हा आले. रिकाम्या हाताने. माल आता दुसऱ्या व्यवस्थेने जातो, म्हणाले, दोन्ही हत्यारं घरी कुलपात आहेत. म्हणाले की डोळे मिटले की सुधाकरचं आवळलेलं बोट दिसतं. दिशदाशा मात्र त्यांना हवी होती. "जेब सादा बनाओ. मोबाइल का."

सुधाकरने बारटॅक उसवले, म्यान काढून केराच्या टोपलीत टाकलं आणि साधा खिसा लावला. ट्रायलला दिशदाशा घालायला त्याने हात जोडून नकार दिला. मी आग्रह केला नाही.

माझा जुना नियम, भरल्या खिशाने ट्रायल, तसाच आहे. फक्त आता मी गिऱ्हाइकाला खिशात काय आहे ते विचारत नाही. टेबलवर काढून ठेवायला लावतो आणि बघतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

इस्त्री होऊन दिशदाशा हातात आली तेव्हा अबू माजिदनी सवयीने विचारलं, "खलास, मास्टर?"

मी दिशदाशाच्या खिशात हात घातला, आतलं अस्तर बाहेर ओढलं आणि त्यांना उलटा, रिकामा खिसा दाखवला.