येते म्हणून खाली उतरले

मुलीने तिच्या अ‍ॅशबर्नच्या घराचं बेसमेंट माझ्यासाठी करून घेतलं होतं. खोली, बाथरूम, चहापुरता ओटा आणि छताला टेकलेली एक बुटकी खिडकी, जिच्यातून फक्त लॉनचं गवत दिसायचं. चार तासांवरचं वेस्ट विंडसरचं माझं घर विकायचं आणि मी इथे राहायला यायचं, असा बेत होता. बेत तिचा, होकार माझा हवा होता, आणि तो रविवारी निघण्याआधी द्यायचा होता. मधला शनिवार मोकळा म्हणून ती मला दोन तासांवरची एक गुहा दाखवायला घेऊन गेली. चुनखडीचा डोंगर आणि त्याच्या पोटातून वाहणारी नदी. एका तळघराला हो म्हणायला कचरणाऱ्या बाईला दुसरं तळघर दाखवायचं तिला कसं सुचलं कोण जाणे, पण मला मात्र मनापासून जायचं होतं.

तिथे तिकिटांच्या खिडकीपाशी पाटी होती. एकशे बारा पायऱ्या, ओल्या, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी विचार करावा. माझा उजवा गुडघा नऊ महिन्यांपूर्वी बदललेला. विचार मुलीनेच करून टाकला. आपण कॅन्सल करू, तू शॉपमध्ये बस, असं म्हणून ती तिकिटं रद्द करायच्या रांगेत जाऊन उभीसुद्धा राहिली. मी आयुष्यभर भूल देणारी डॉक्टर होते. टेबलावर आडव्या पडलेल्या माणसालाही "सुरू करू का?" असं विचारल्याशिवाय मी कधी सुई टोचली नाही. मी तर चांगली उभी होते. माझं डोकंच फिरलं.

माझं तिकीट अजून माझ्या मुठीत होतं. कमरेला टॉर्च लावलेल्या गाईड मुलीने एक वाजताच्या फेरीच्या लोकांना दाराशी बोलावलं. मी लेकीच्या पाठीकडे बघून म्हटलं, "येते गं." तिने फोनमधून मान वर न काढता ओके म्हटलं, आणि मी निघाले.

उतरताना बदललेला पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, हे फिजिओथेरपिस्टने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. कठडा गार आणि ओला होता. मागच्यांना मी पुढे काढून दिलं. सगळं ठीक आहे ना, असं गाईडने तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारू नकोस, असं मी तिला हसून सांगितलं.

नदी दिसायच्या आधी ऐकू आली. खाली पोचल्यावर दिसली, काळीभोर, फार रुंद नव्हे, आपल्याच घाईत असलेली. गाईड म्हणाली, ही पलीकडच्या खोऱ्यात बाहेर पडते, असं इथले जुने लोक सांगायचे, पण कोणाला पटत नव्हतं. शेवटी कुणीतरी पाण्यात रंग सोडला आणि पलीकडच्या झऱ्यातून रंगीत पाणी आलं, तेव्हा पटलं. मला त्या नदीबद्दल फार आपलेपणा वाटला. मग खरा अंधार दाखवायला गाईडने दिवे घालवले. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. मला ती बुटकी खिडकी आठवली आणि मी मोठ्याने "नाही" म्हणाले. मराठीत होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

चढताना गुडघा ठणकला. ते नाकारण्यात अर्थ नाही. तीन ठिकाणी थांबले.

बाहेर लेक उभी होती, रडून डोळे लाल झालेले. "आई, तू येते म्हणालीस. येते मीन्स यू आर कमिंग. मी रेस्टरूम चेक केली, पूर्ण पार्किंग लॉट फिरले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्यात निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, कायमचं गेल्यासारखं वाटतं म्हणून "येते" म्हणतात, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिला इंग्रजी पटकन यावं म्हणून आम्ही तिला नेहमी बाय म्हणायचो. "येते" मी फक्त तिच्या बाबांना म्हणायचे. चूक माझी होती. तिला घाबरवलं म्हणून मी सॉरी म्हटलं. खाली गेले त्याबद्दल म्हटलं नाही.

गॅस स्टेशनवर तिने बर्फाची पिशवी आणून माझ्या गुडघ्यावर ठेवली. गाडी हायवेला लागल्यावर मी सांगून टाकलं.

"तासभर जमिनीखाली राहून आले, तेवढं मला पुरे. घर विकायचं नाही."

"अँड व्हॉट इफ यू फॉल?"

"तर माझ्या घरात पडेन."

तिने रेडिओ लावला आणि अ‍ॅशबर्नपर्यंत तो चालूच ठेवला. मला वाईट वाटत होतं, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

रविवारी सकाळी माझी बॅग तिनेच डिकीत ठेवली. येताना चार तास मीच ड्राइव्ह करत आले होते, जाणारही तशीच होते. मी काच खाली केली.

"येते गं."

तिने खिडकीवर हात ठेवला. "म्हणजे जातेयस."

"हो."

तिने खिडकीवरचा हात काढून घेतला. "ओके," ती म्हणाली. "मग ये."