कैद्याचं जेवण कुणी द्यायचं

आईला परदेशात आणून तुरुंग दाखवणारी मुलगी म्हणून आमच्या नातेवाइकांत माझी ख्याती आहे. पण त्या रविवारी सकाळपासून पावसाची पिरपिर, आणि आइंडहोव्हनहून आलेला धाकटा भाऊ आमच्या सोफ्यावर पडून वाजणारा फोन सारखा कट करत होता. म्हटलं, उठा, इथं झूटरमेरच्या घरात कुजण्यापेक्षा हेगला जाऊ. तिथं तळ्याकाठी एक जुना तुरुंग आहे, आता त्याचं म्युझियम झालंय. डोक्यावर छप्पर तर आहे!

आई खरी आली होती भावाचं घर बघायला. पुण्यातला तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट, नर्सची नोकरी करून हप्ते फेडून घेतलेला. तो विकून तिनं सगळे पैसे याला दिले. त्यानं इथं घर घ्यायचं, त्यात एक खोली तिची. व्हिसा मिळेल तेवढे महिने इथं, बाकीचे मावशीकडे. आल्यापासून ती रोज विचारायची, "घर कधी दाखवतोस रे?" आणि हा म्हणायचा, "चावी मिळायचीय, आई." मीही मूर्ख. तिला समजावत बसले, की इथं नोटरी, बँक, अपॉइंटमेंट, सगळ्याला वेळ लागतो.

इंग्रजी टूर निघून गेली होती. डच टूरमध्ये शिरलो आणि मी आईच्या कानाशी भाषांतर करू लागले. हाडं मोडायची अवजारं बघून बाकीचे स्स् स्स् करत अंग चोरत होते. आईनं मात्र जन्मभर अपघाताचा वॉर्ड बघितलेला, ती ढिम्म. मग कर्ज बुडवणाऱ्यांना कोंडायच्या खोलीत आलो. गाइड म्हणाला, इथल्या कैद्याच्या जेवणाचे पैसे सरकार देत नसे. ज्यानं त्याला आत टाकलं, त्या घेणेकऱ्यानंच ते भरायचे.

"अगंबाई!" आई फस्सकन हसली. "म्हणजे ज्याचे बुडाले त्यानंच वर जेवू घालायचं? हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला प्रकार झाला."

गाइड पुढं म्हणाला, घेणेकऱ्यानं पैसे भरायचे थांबवले की कैदी सुटायचा. पण काही जण नुसत्या रागापायी भरत राहायचे. बुडाले ते परत मिळणार नाहीत हे माहीत असूनही.

मग त्यानं विचारलं, दार लावून आत बसून बघायचंय का कुणाला? भाऊ गेला. दार लागलं, लोकांनी गमतीनं टाळ्या वाजवल्या. दार उघडलं तेव्हा हा भिंतीशी उकिडवा बसून हमसून हमसून रडत होता.

"आत रेंज नाहीये, ताई," मला म्हणाला. "किती शांत वाटलं." मग आईकडे न बघताच, "आई, घर नाहीये. घेतलंच नाही. शेअर बाजारात गेलं सगळं. वर कर्ज झालंय."

मराठीतलं कुणाला कळलं नाही. गाइड बिचारा पाणी आणायला धावला. मला आधी लाज वाटली, मग असा संताप आला, की तिथंच एक कानफटात ठेवून द्यावी. आई बाहेर येऊन कमानीखाली बसली आणि पिशवीतून डबा काढला. थालीपीठ, लसणाची चटणी. डबा त्याच्यापुढं धरला.

"खा. माझे बुडाले ना? मग जेवण माझ्याकडे."

तो रडत रडत खात होता. मला वाटलं, केलं हिनं माफ. आईच ती, शेवटी पोटचा गोळा.

आता ती पुण्यात भाड्याच्या एका खोलीत राहते. मावशीच्या सुनेला जड व्हायला लागली, म्हणून स्वतःच बाहेर पडली. या वयात लोकांचे पेशंट सांभाळायला जाते. माझे पैसे घेत नाही. भावाला मात्र रोज दुपारी फोन करते. "जेवलास का?" तो हो म्हणतो, ती फोन ठेवते. फ्लॅटचा शब्द नाही, शिवी नाही. मी हात जोडले, म्हटलं, अगं, एकदा घाल त्याला शिव्या, मोकळी हो! तर म्हणाली, "मी कुठं काय बोलते? जेवला का, एवढंच तर विचारते."

परवा आम्ही दोघं युट्रेख्टच्या स्टेशनवर भेटलो. गालफडं बसलीयत त्याची. मी सँडविच घेऊन दिलं, तेवढ्यात फोन आला. "हो, जेवलो," म्हणाला. सँडविचचा कागदसुद्धा उघडला नव्हता.

"बघ, अजून जीव आहे तिचा तुझ्यात," मी म्हटलं.

"ताई, तो गाइड काय म्हणाला होता आठवतंय? घेणेकऱ्यानं जेवण थांबवलं, की कैदी सुटतो." त्यानं सँडविच माझ्याकडे सरकवलं. "एखाद्या दिवशी विचारायचं विसरली तर बरं होईल गं."

 आमच्या आईनं नोकरीत असताना एकाही पेशंटचं औषध कधी चुकवलेलं नाही.