दगडावर कोरायचं नाव

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. तीन मास्तर एका गाडीत बसले की ते आपोआप साठतात. मी, कांबळे सर आणि शिंदे मॅडम दर रविवारी नातेपुत्याहून निघतो आणि महादेवाच्या डोंगरातल्या वाड्या पालथ्या घालतो. इंग्रजांच्या काळात या डोंगरानं कुणाकुणाला लपवलं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, एवढंच काम. एका वाडीनं तर चावडीपुढं दगडच उभा केलाय. आपण सांभाळलेल्या भूमिगताचं नाव त्यावर कोरायचंय. पण नाव वाडीत कुणालाच ठाऊक नाही!

पहिल्याच रविवारी कांबळे सरांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमच्याकडं भूमिगत लपायचे का?"

"तुमी कंच्या खात्याचं?"

"शिक्षण खात्याचे."

"म्हंजी सरकारीच की," म्हणून बाबा शेरडांमागं निघून गेले. सर तासभर त्यांच्या मागं फिरले. शेवटी ताक मिळालं, माहिती नाही.

*

दगड उभारलेल्या त्या वाडीतल्या ज्ञानू आबांनी वडिलांची गोष्ट सांगितली. फौजदार भूमिगताला शोधत वाडीत आला आणि खिंडीपलीकडच्या गावाची वाट दाखव म्हणाला. वडील अदबीनं पुढं झाले. दिवसभर त्याला डोंगर चढवला, उतरवला आणि तिन्हीसांजेला मागच्या बाजूनं आपल्याच वाडीत आणून सोडला.

फौजदार म्हणाला, "हे गाव सकाळच्या गावासारखंच दिसतंय."

"व्हय सायेब. डोंगरातली गावं समदी सारखीच असत्यात."

*

त्या भूमिगतासाठी वाडीत कुणी जास्तीची भाकरी थापायची नाही, असं ठरलं होतं. चूल जास्त वेळ पेटली तर संशय यायचा. म्हणून प्रत्येक घर आपल्याच ताटातला चतकोर काढून ठेवायचं. ज्वारी आधीच बेताची, त्यात हे.

शिंदे मॅडम माहिती भरत होत्या त्या फॉर्मात मात्र 'आश्रय देणाऱ्याचे नाव' यासाठी एकच ओळ होती. सरपंचबाई म्हणाल्या, "म्याडम, उपाशी कोण ऱ्हायलं त्ये लिवायचं ना? मग आख्खी मतदार यादीच जोडा की."

आम्ही खरंच जोडली!

*

आणि मग सोनाबाई आजींचा पत्ता लागला. नव्वदी ओलांडलेली, आता कुंभारीला नातवाकडं राहणारी. त्या चतकोर भाकऱ्या तो लपलेल्या कपारीत पोचवणारी पोर म्हणजे हीच. नाव ठाऊक असलेलं एवढं एकच माणूस उरलं होतं. दगडाचं अनावरण ठरलेली सव्वीस जानेवारी चार दिवसांवर आली होती आणि पाथरवट छिन्नी घेऊन थांबला होता.

आजींनी सगळं सांगितलं. कपार कुठली, फडकं कसलं, त्याला खोकला किती, जाताना त्यानं नाव कुणाला न सांगायची शपथ कशी घातली.

"आणि नाव, आजी?"

आजींनी पदर सारखा केला.

"सांग की आज्जे," नातू म्हणाला, "दगडावर घालायचंय."

आजींनी दाराकडं पाहिलं. कांबळे सर जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आजी, आता भ्यायचं कारण नाही. इंग्रज गेला."

"गेला?"

"कधीच गेला."

आजी तोंडभर हसल्या. "मंग आता नाव कुणाला पायजे?"