दरडींच्या नकाशातली घरं

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला बारावीच्या शिकवणीसाठी खोली करून राहत होतो, म्हणून वाचलो. गावाकडं दगडी भिंतींखाली वडील आणि धाकटी बहीण गेली. आईला लोकांनी दुपारी बाहेर काढलं. पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, "तू जा. शिकवणी बुडायली तुझी." मी गेलो. वर्गात पोरं दाटीनं बसायची. कुठल्या गावचा, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढं नांदेडला संशोधनाला लागलो. हिमालयातल्या एका भूकंपानं कोसळलेल्या दरडींचा नकाशा करायचा होता. उपग्रहानं घेतलेली दोन जुनी चित्रं समोर असायची, एक भूकंपाआधीचं, एक नंतरचं. आधी झाडी आणि नंतर उघडी माती, तिथं दरड. तिच्या कडेनं रेघ ओढायची, क्षेत्रफळ लिहायचं. ढगाची सावली आणि नांगरलेलं शेत फार फसवायचं. खोलीत मी एकटाच. कित्येक दिवस चहावाल्याशी जेवढं बोललो तेवढंच.

एकदा आधीच्या चित्रात डोंगराच्या पायथ्याशी सात-आठ करडे ठिपके दिसले. नंतरच्या चित्रात तिथं नुसती माती. ती घरं होती. मला रेघ ओढवेना. मार्गदर्शक सरांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "आपण दरडी मोजतोय, घरं नाही."

शनिवारी एसटीनं आईकडं गेलो, पुनर्वसनातल्या गावात. तिला ठिपक्यांचं सांगितलं.

"माणसं होती का आत?"

"इतक्या वरून माणसं दिसत न्हाईत, आई."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "घरं तर दिसली न्हवं? तसं लिही की. न्हाईतर नुसता डोंगरच पडला म्हणतील."

सोमवारी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि लिहिलं, 'पायथ्याशी घरं होती.' मग पहिल्यापासून सगळ्या दरडी पुन्हा तपासल्या. त्यात महिना गेला. अशा आणखी अकरा निघाल्या. सरांनी पुरावा मागितला. मी आधीची चित्रं एकेक करून उघडली. शेवटचं बघून ते म्हणाले, "राहू दे तो रकाना."

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत त्या रकान्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. निकाल कळल्यावर आईच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. ते तिला बोलवायला शेताकडं गेले. मी बूथमध्ये रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो. पलीकडून फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता.